ऊन दाखवलेल्या फ्लॉप्या

आमच्या घरी दर शनिवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला जायचा. उघडला म्हणजे सुरू केला असं समजू नका. उघडला म्हणजे चार स्क्रू काढून त्याची बाजूची पत्र्याची भिंत उतरवली, ती पडवीत भिंतीला टेकवून ठेवली आणि आत काय आहे ते पाहिलं. तुमच्या हातात आज जे यंत्र असतं त्याला मी मागच्या भेटीत सगळीकडून निरखून पाहिलं. एकही स्क्रू दिसला नाही. बिघडलं तर काय करता, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही दोघं माझ्याकडे पाहून हसलात. बिघडलं तर दुसरं घेतो, म्हणालात. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. माणूस लहानपणीच वाढतो असं नाही. माझ्या वाढीची काही वर्षं मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मिळाली आणि ती त्या पत्र्याच्या पेटीशेजारी पाटावर बसून गेली.

घर तुम्ही पाहिलेलं आहे, मालवणहून देवबागला जाणाऱ्या रस्त्यावरचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी खाराच. घरात आम्ही तिघं असायचो. तुमचे आजोबा पंचायत समितीत हेडक्लार्क होते. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. तिसऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांना सगळा वाडा आणि आम्हीही ‘आये’ म्हणायचो. तुमची आई मेधा गोव्याला शिकायला होती. कर्लीच्या खाडीतल्या तिसऱ्या, मुळे, कालवं अशा शिंपल्यांच्या जिवांचा ती अभ्यास करत होती आणि तिचा प्रबंध टंकायला घरात कॉम्प्युटर हवा म्हणून तो आला. कुडाळच्या पेडणेकरांनी सुटे भाग आणून तो आमच्या माजघरात जोडला. पेडणेकर आधी रेडिओ दुरुस्त करायचे. जोडून झाल्यावर त्यांनी चहा घेतला आणि मला म्हणाले, “बाई, ह्या यंत्राक खारो वारो बाधता. धा दिवस बघूक नाय तर ह्येच्या दातांक गंज चढतलो. शिकान घेवा.” मी शिकून घेतलं. बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेली मी, सासरी आल्यावर नारळ खवायलासुद्धा आयेंकडून शिकले होते. हे त्यामानाने सोपं गेलं.

तो शनिवार कसा असायचा ते सांगते. शाळा साडेदहाला सुटायची. घरी येऊन हातपाय धुवायचे, हात कोरडे करायचे आणि आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. तुमचे आजोबा स्क्रू नारळाच्या करवंटीत जमा करायचे. त्यांचं तेवढंच काम होतं आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही. मग सायकलच्या पंपाने हवा मारायची. धूळ तर निघायचीच, पण एकदा पालीची दोन अंडी निघाली आणि एका पावसाळ्यात मुंग्यांनी चक्क माती आणून आत वारूळ धरलं होतं. मग मेमरीची पट्टी काढायची. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. ते विद्यार्थ्यांच्या साध्या पांढऱ्या खोडरबराने घासायचे, एकाच दिशेने, हलक्या हाताने. वर्षभर मुलांची अक्षरं खोडायला सांगणारी मी, त्या खोडरबराने सोनं उजळवत बसायचे याचं मला फार समाधान वाटायचं. पट्टी परत बसताना ‘कट्’ असा आवाज येतो. तो आला की पट्टी बसली. माउसच्या पोटात तेव्हा रबरी गोळी असायची. ती बाहेर काढून पुसायची आणि ज्या बारीक दांड्यांवर ती फिरते त्यांना चिकटलेला मळ केसांच्या आकड्याने खरवडायचा. कीबोर्ड उलटा करून थोपटला की त्यातून खोबऱ्याचे कण, पोह्याचा चुरा पडायचा आणि एकदा मेधाची हरवलेली कानातली चांदकी बाहेर आली होती.

सगळं परत जोडून झालं की शेवटचं काम यंत्र स्वतःच करायचं. आत इकडेतिकडे पसरलेली माहिती ते ओळीत लावून घ्यायचं आणि पडद्यावर शेकडो रंगीत चौकोन एकेक करून आपली जागा बदलायचे. याला दीड-दोन तास लागायचे. आये तेवढा वेळ समोर स्टूल घेऊन बसायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ह्यो तांदूळ निवडता गो.” इतक्या वर्षांत मी त्या कामाचं यापेक्षा चांगलं वर्णन ऐकलं नाही. त्यांना त्यात खोट काढायलाही आवडायचं. एखादा लाल चौकोन खूप वेळ जागचा हलला नाही की त्या म्हणायच्या, “थंय खडो आसा बघ.” आणि पुष्कळदा तिथे खरोखरच खराब झालेली जागा असायची.

वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी, मोठं काम निघायचं. आपल्याकडे मे महिन्यात आगोटीची तयारी असते. चार महिन्यांचं सामान भरायचं, वाळवायचं, डब्यात कोंबायचं. घरापुढचं आयेंचं खळं त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे इतकं भरलेलं असायचं. एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि बांगडे, परसातल्या मांगराच्या पत्र्याच्या छपरावर कोकमाची सोलं. कावळे हाकायला काठी, मांजरांना हाकायला आये. माझी आगोट त्या पेटीची. पेडणेकरांनी सांगितलं होतं की वर्षभरात यंत्रात कचरा साठतो आणि ते जड होतं, म्हणून सगळी माहिती फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायची, फॉरमॅट मारायचा, म्हणजे हार्ड डिस्क पार पुसून टाकायची आणि सगळं पुन्हा नव्याने भरायचं. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी काळी वडी. तिच्या प्लास्टिकच्या कवचात सिनेमाच्या फितीसारखी एक पातळ गोल चकती असते आणि सारं लेखन त्या चकतीवर राहतं. आये त्यांना ‘शालूचे पापड’ म्हणायच्या. शालू म्हणजे मी.

त्या वर्षी मेधाचा प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता. ती सुट्टीत आली की सांगायची, मी टंकायची. ती गेली की फोनवर दुरुस्त्या यायच्या. तिच्या वह्या तिच्याकडे होत्या, पण त्यांत नुसते आकडे आणि भरती-ओहोटीच्या नोंदी. वाक्यं, तक्ते, आलेख सगळे आमच्या माजघरात. शनिवारी तिने यायचं, इथल्या प्रिंटरवर प्रत छापून घ्यायची आणि सोमवारी ती गोव्यात मार्गदर्शकांच्या हातात द्यायची असं ठरलं होतं. त्या सोमवारवर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. परदेशात पुढच्या संशोधनासाठी तिला जागा मिळाली होती, पण प्रबंध दाखल झाल्याचं पत्र वेळेत गेलं तरच. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. तुमचा जन्म ज्या गावात झाला त्या गावाचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते ती जागा देणाऱ्या पत्रावर.

यंत्र त्या आठवड्यात दिवसातून दोनदा थिजत होतं. माझ्या नेमाप्रमाणे फॉरमॅटची वेळही आली होती. मेधा फोनवर म्हणाली, “आई, आता राहू दे. माझं छापून झालं की मग कर.” मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला वाटलं, छापता छापता थिजलं म्हणजे? आपण नेमाने केलेल्या गोष्टीत कधी वाईट झालेलं नाही. आता लिहिताना मला दिसतं की त्यात काळजीपेक्षा माझा हट्ट जास्त होता. बुधवारी मी प्रबंध कपाटातल्या सहा जुन्या फ्लॉप्यांवर उतरवला, तो नीट उतरला का ते न तपासता फॉरमॅट मारला आणि संध्याकाळपर्यंत यंत्र नव्या कोऱ्या पाटीसारखं करून ठेवलं. गुरुवारी सकाळी हाताला लागली ती फ्लॉपी घातली तर ती वाचेना. पत्र्याची झडप सरकवून पाहिली तर चकतीवर पांढरे ठिपके. दमट हवेत लोणच्यावर येते तशी बुरशी.

मी पेडणेकरांना फोन लावला. फोन माजघरात, आये शेजारच्या स्वयंपाकघरात. पेडणेकर म्हणाले, औषधांच्या दुकानातून स्पिरिट आणा, उद्या मी येतो आणि दोघं मिळून पुसू. घाबरू नका, बुरशी वरवरची असते. माझा जीव भांड्यात पडला आणि मी फोनवरच म्हणाले, दमट कपाटात राहिल्या म्हणून झालं, जरा ऊन दाखवायला हवं होतं. फोन ठेवला, पिशवी घेतली आणि मालवणच्या बाजारात गेले.

परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. फ्लॉप्यांचा डबा टेबलावर उघडा आणि रिकामा. मी माजघर पाहिलं, पडवी पाहिली आणि मग मला कळलं. मांगराच्या पत्र्यावर, सोलांच्या ओळीशेजारी, सहा काळ्या फ्लॉप्या व्यवस्थित, एकमेकींना न टेकता मांडलेल्या होत्या. मे महिन्यातला पत्रा. मी शिडीवर चढून पहिली उचलली तर बोट भाजलं. ती तळलेल्या पापडासारखी एका कोपऱ्यात वळली होती. सहाच्या सहा वळल्या होत्या.

आये खाली काठी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “तूच म्हणालंस मा, ऊन दाखवूक होया म्हणान? तू बाजारात गेलंस, ऊन बरां होता. म्हटलंय, सोलांवांगडा घालतंय.”

त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. मला मदत केली याचा थोडा आनंदही त्यांच्या आवाजात होता. आणि मी, जिने अठ्ठावीस वर्षांत त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं, शिडीवरूनच म्हणाले, “ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्याला हात लावू नये, आये. पोरीचं आयुष्य होतं यात.” त्यांच्या हातातली काठी खाली आली. त्या आत गेल्या आणि दुपारी जेवायला बसल्या नाहीत. जेवायला घरी आलेल्या तुमच्या आजोबांनी दोनदा हाक मारली तर भूक नाही म्हणाल्या.

मी पुन्हा फोन केला. पेडणेकर म्हणाले, “बाई, वाकली मगे गेली. ती आता आत घालू नकात, यंत्राचो ड्राइव्हय मरतलो.” मी फोन ठेवला आणि त्या सहा वळलेल्या चौकोनांसमोर बसून राहिले. मेधाला फोन करायचा धीर होईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पण इतक्या शनिवारांनी मला एक सवय लावली होती. गोष्ट बिघडली की आधी ती उघडायची. वाकलंय काय, तर कवच. लेखन कवचावर नाही, आतल्या चकतीवर आहे. चकती वाकली आहे की नाही हे बाहेरून कळणार नाही. एक फ्लॉपी फोडून चकती सुखरूप निघाली आणि तिला दुसऱ्या सरळ कवचात घातलं, तर यंत्राला काय समजणार? नव्या दहा फ्लॉप्यांचं खोकं घरात होतं. मी भाजी चिरायची सुरी घेतली आणि एका नव्या फ्लॉपीवर हात चालवून पाहिला. कवचाच्या दोन पाती कडेने डिंकवलेल्या असतात. सुरी आत गेली, घसरली आणि चकतीवर लांब ओरखडा उठला. बरं झालं, ती रिकामी होती. दुसरी घेतली. तीही गेली.

तेव्हा मागून आये आल्या. त्यांच्या हातात कालवं फोडायची त्यांची आखूड सुरी होती, घासून घासून पातं निम्मं झालेली. त्यांचं माहेर देवबागचं. लहानपणी ओहोटीला खडकावर बसून त्यांनी पाट्याच्या पाट्या कालवं फोडली होती.

“सर बाजूक,” त्या म्हणाल्या. “कालव फोडताना मास फाटला तर माजी आवस थोबाडीत मारी. माका दाखव. जीव खंय आसा ह्येचो?”

मी म्हटलं, “मधोमध, आये. ती गोल चकती. तिला बोट लागता कामा नये, पातंही नाही.”

त्यांनी फ्लॉपी कानाशी नेऊन हलवली, अंगठ्याने कडेची शिवण चाचपली आणि एका कोपऱ्यात पातं टेकवून ते नुसतं फिरवलं. ढकललं नाही, फिरवलं. कवचाची पात ‘टक्’ करून सुटली. मग पुढचा कोपरा. आत पांढऱ्या मऊ कापडाच्या दोन घड्यांमध्ये चकती जशीच्या तशी होती, सपाट. मी वाकून तिच्यावर ओरखडा शोधत राहिले. आये म्हणाल्या, “घी, शालू. फोडलेला उघड्यार ठेवू नये.” मी मधल्या धातूच्या बिल्ल्याला धरून ती उचलली, स्पिरिटच्या कापसाने बुरशी पुसली आणि आयेंनी तोवर फोडून ठेवलेल्या नव्या कवचात बसवली. कडेला चिकटपट्टी लावली. कचेरीत परत न गेलेल्या तुमच्या आजोबांनी करवंटी पुढे केली आणि लागणारी प्रत्येक बारीक स्प्रिंग त्यात जपून ठेवली.

ती फ्लॉपी यंत्रात घातली. कर्र झालं, थांबलं, पुन्हा कर्र झालं. पडद्यावर मेधाच्या पहिल्या प्रकरणाचं नाव आलं. आयेंनी पुढची फ्लॉपी उचलली.

संध्याकाळपर्यंत पाच वाचल्या. उरलेली एक, सकाळी वाचली नव्हती तीच, आताही वाचेना. तिच्या चकतीला कापड चिकटलं होतं आणि सोडवताना वरचा थर निघून आला. तिच्यात चौथं प्रकरण होतं. कोणता जीव खाडीत कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्याला मिळतो आणि इथली माणसं त्याला काय म्हणतात, हे सगळं त्यात होतं. ते मेधाने कुणाकडून लिहून घेतलं होतं हे मला ठाऊक होतं. सुट्टीत ती आयेंना घेऊन खाडीच्या कडेला बसायची.

शुक्रवारी सकाळी मी आयेंना म्हटलं, चौथं प्रकरण पुन्हा सांगाल का? त्या स्टूल ओढून बसल्या. त्या मालवणीत सांगत होत्या आणि मी इंग्रजीत टंकत होते. मला वाटायचं, माझं इंग्रजी चांगलं आहे. त्या दिवशी ते किती अपुरं आहे ते कळलं. चिखल या एका गोष्टीला त्यांच्याकडे चार शब्द होते, पाऊल किती रुततं त्यावरून. माझ्याकडे एकच होता. शेवटी मी त्यांचे शब्द तसेच ठेवले आणि कंसात अर्थ दिले. त्या मध्येच थांबून कोणती जागा कुणी दाखवली ते सांगायच्या. अमुक खडक त्यांच्या आईचा, तमुक त्यांच्या मोठ्या बहिणीचा, जी बाळंतपणात गेली. अठ्ठावीस वर्षं एका चुलीवर राहून मला त्यांना बहीण होती हे माहीत नव्हतं. खडकांची नावं मी टंकली, बाकीचं नुसतं ऐकलं.

दुपारी पेडणेकर आले. फोडलेली कवचं उलटसुलट करून पाहत राहिले. मग आयेंना म्हणाले, “आये, माज्या दुकानात बसतास काय? दुपारचा जेवण देतंय.” आये म्हणाल्या, “कुडाळाक मासे ताजे गावतत काय?” ते म्हणाले, नाय. “मगे कित्याक येव?”

शनिवारी मेधा आली. तिला कसं सांगायचं, सुरुवात कुठून करायची, याची वाक्यं मी सकाळपासून मनात जुळवत होते. ती पायरीवर चपला काढत होती तेवढ्यात आये पुढे झाल्या. “मेधा, तुजा लिवलेला मीया उन्हात सुकत घातलंय. तुज्या आवशीक बोलू नको.” मेधा पांढरी पडली. मी तिला आत नेऊन छापलेली पानं दिली. ती जमिनीवर बसून एकेक पान पाहत गेली. चौथ्या प्रकरणाशी बराच वेळ थांबली. “हे मी लिहिलं त्याहून जास्त आहे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आई, मी तुला फोनवर काय सांगितलं होतं?”

“थांब म्हणाली होतीस.”

“मग?”

मी पसरलेली पानं गोळा करू लागले. ती माझ्याकडे पाहत थांबली. मला वाटतं, मी वर्गात कुणाला गप्प करायचे तेव्हा अशीच थांबत असेन. मग ती उठून आयेंकडे गेली आणि खाडीतल्या मुळ्यांविषयी काहीतरी विचारायला बसली. रविवारी सकाळच्या एस.टी.ने ती प्रत घेऊन गोव्याला गेली. सोमवारी फोन आला, दिला म्हणून.

त्याच दुपारी जेवताना आम्ही दोघीच होतो. तुमचे आजोबा कचेरीत. आयेंनी तिसऱ्यांचं सुकं केलं होतं आणि गुरुवारनंतर पहिल्यांदाच त्या माझ्यासोबत जेवायला बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, “शालू, माजा सांगलेला आता त्या पेटयेत आसा मा?”

“आहे, आये.”

“माज्या भयणीचा खडक?”

“त्याचं नाव आहे.”

त्यांनी एक शिंपला उचलला, रिकामा झाला तसा ताटाच्या कडेला ठेवला. “आणि तू परत ता फारमाट मारलंस तर?”

“आता तुम्हाला विचारून मारीन,” मी म्हटलं.

“विचार,” त्या म्हणाल्या आणि टोपातल्या उरलेल्या तिसऱ्या माझ्या भातावर वाढल्या.